बाथरूमची कडी

खुडखुड थांबली म्हणून महेंद्र उठला. चालू होती तोवर तो पडून होता.

नाइट शिफ्ट करून रांजणगावहून कंपनीच्या बसने तो पावणेआठला शिरूरला उतरला होता. प्राची, त्याची बायको, शाळेत निघून गेली होती. चहा पिऊन, डोळ्यांवर टॉवेल टाकून तो आडवा झाला आणि दहा वाजून पाच मिनिटांनी बाथरूमकडून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. दहा पन्नासला तो थांबला. दोन्ही वेळा त्याला नेमक्या माहीत होत्या, कारण दोन्ही वेळा त्याने टॉवेल उचलून उशाशी ठेवलेलं घड्याळ पाहिलं होतं. उठून तो पॅसेजमध्ये गेला. "आई?" त्याने विचारलं. "हां," आतून रोजच्या आवाजात उत्तर आलं, "कडी सरकंना." त्याने खांदा मारला. तिसऱ्या धक्क्याला कडीचे स्क्रू दाराच्या लाकडातून उपटून आले आणि दार आत गेलं. भागुबाई उपड्या बादलीवर बसली होती. नीट लुगडं नेसलेली, हात मांडीवर, गाडीची वाट बघत बसावं तशी. "हाक का नाही मारलीस?" तो म्हणाला. "नाइट करून आल्याला तू. झोपमोड कशापाई?" असं म्हणून ती कुकर लावायला स्वयंपाकघरात गेली. तिचे नुकते धुतलेले केस वाळले होते. बंद, दमट बाथरूममध्ये केस वाळायला किती वेळ लागतो हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि त्याने तो तिथेच तोडला.

पण हिशेबाची गरजच नव्हती. पहिली पाच मिनिटं त्याला वाटलं होतं, ती नेहमीसारखी काहीतरी घासत बसली असेल. तिला भांडी, डबे, बादलीची कडा, काहीही घासायला लागतं. दहाव्या मिनिटाला त्याला कळलं होतं की ही कडी आहे. मग तो उठला का नाही? या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं आणि ते त्याला फारसं आवडत नव्हतं. उठलं असतं तर दार उघडावं लागलं असतं, मग ती बोलली असती, मग चहा, मग गावाकडच्या, न्हावऱ्याच्या कुणाच्या तरी म्हशीची गोष्ट, आणि झोप गेली असती. हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की सात वर्षांपूर्वी हा फ्लॅट घेतला तेव्हा त्याने तिला ती कडी स्वतः शिकवली होती. न्हावऱ्याला त्यांच्या घरी न्हाणीला दार नव्हतं. खाट उभी करून तिच्यावर लुगडं टाकायचं आणि पहाटे उरकून घ्यायचं. होस्टेलवरचा एक मित्र एकदा मुक्कामाला आला आणि त्याने ती उभी खाट पाहिली, तेव्हापासून महेंद्रला त्या घरातल्या सगळ्याच गोष्टींचा तिटकारा आला. दगड लावून बंद होणारं दार, बापाची, म्हाळूची, तारेने बांधलेली चष्म्याची काडी, कशातही काहीही पाचर मारून वेळ निभावून न्यायची सवय. फ्लॅटमध्ये भागुबाई दार नुसतं लोटून अंघोळीला जायची, तेव्हा तो चारचौघांत तिच्यावर ओरडायचा. कडी लावल्याशिवाय जायचं नाही. महिनाभराने तिने लावायला सुरुवात केली. पण ती दामटून लावायची, दार उचलून हलकेच सरकवायची अक्कल तिला आली नाही. आणि बुधवारी सकाळी, टॉवेलखाली, कडी खुडखुडत असताना, महेंद्रच्या मनात स्वच्छ शब्दांत आलं होतं, अडकू दे एकदा, म्हणजे शिकेल.

संध्याकाळी प्राचीने दौंडला फोन लावून आनंदला हे सांगितलं. तिने सांगायला नको होतं, पण तिला फोनवर सांगायला दुसरं काही नसतं. आनंद म्हणजे महेंद्रचा धाकटा भाऊ, रेल्वेत पॉइंट्समन. तो म्हणाला, उद्या चारपर्यंत मोटारसायकलवर येतो आणि आईला घेऊन जातो, तिला तिथं एकटीला नको. महेंद्रने हे ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर आनंदचं क्वार्टर आलं. पत्र्याचं छप्पर, मालगाडी गेली की हलणारी भांडी, दोन खोल्यांत सहा माणसं, दिवसभर चालू टीव्ही. आई तिथे गेली तर जाऊ दे, तिला गोंगाट आवडतोच. प्रश्न तो नव्हता. प्रश्न आनंद पुढे काय सांगत फिरेल हा होता. न्हावऱ्याला, विहारात पौर्णिमेला जमणाऱ्या बायकांना, मामांना, सगळ्या गणगोताला तो एकच वाक्य सांगेल. आई पाऊण तास अडकली, दादा घरात असून. 'घरात असून' एवढे दोन शब्द महेंद्रला थांबवायचे होते. त्यासाठी आई इथेच राहायला हवी होती, आणि आई राहायची तर आनंद यायच्या आत कडी दुरुस्त व्हायला हवी होती. कडी नवी, घट्ट, चकचकीत दिसली की बोलायला काही उरत नाही. मग तो अपघात होतो, आणि अपघात दुरुस्त झालेला असतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे कंपनीला सुट्टीच होती. एक कडी, चार स्क्रू, चौकटीवर एक पट्टी. एक तासाचं काम.

"कडीच बदलायची आहे ना?" सकाळी पायात चपला घालताना प्राची म्हणाली. "मग पाचपर्यंत होईल." तिच्या थट्टेकडे त्याने लक्ष दिलं नाही. लग्नापासून ती एवढी एकच थट्टा करत आली होती.

म्हस्कू सुतार नऊला येतो म्हणाला होता, तो साडेदहाला आला. आल्या आल्या त्याने कडीकडे पाहिलंच नाही. दार दोनदा उघडलं, मिटलं, खाली वाकून दाराच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला भिजून फुगलेल्या लाकडाचा भुगा लागला तो त्याने महेंद्रला दाखवला, जणू यात महेंद्रचाच काही गुन्हा होता. "कडी नवी टाका न्हाईतर जुनी ठिवा, साहेब, त्यात काय न्हाई. दार बसलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू गंजून गेल्यात. पाणी पिऊन खालनं फुगलंय. काढावं लागंल."

"काय काढावं लागेल?"

"दार. खाली घ्यायचं, दोन दिस उन्हात ठिवायचं, मग रंधा मारायचा. तवर पडदा लावा."

"दोन दिवस? चार स्क्रूंना?"

"स्क्रूला पाच मिन्टं. दाराला दोन दिस." म्हस्कू हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "तुमच्या कंपनीत नवं दार येत आसंल मशिनीतनं. हे वापरल्यालं हाय."

महेंद्रला या जातीचे कारागीर पाठ होते. पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस करणारे, खिळा मागितला तर भिंत पाडायचा सल्ला देणारे, आणि वर बोलण्यात शहाणपण मिरवणारे. त्याचं सगळं आयुष्य असल्या 'बसलंय', 'फुगलंय', 'जरा तिरकं हाय' अशा शब्दांविरुद्ध गेलं होतं. कंपनीत तो तयार माल तपासायचा. तिथे तिरकं असं काही नसतं, शून्य पूर्णांक चार मिलिमीटर असतं. त्याने म्हस्कूला घालवून दिलं. जाताना म्हस्कू स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला आणि भागुबाईला म्हणाला, "मावशी, तवर लोटूनच घ्या बरं का." ती म्हणाली, "च्या घे की." तो उभ्या उभ्या चहा प्यायला आणि दोघं न्हावऱ्याकडच्या कांद्याच्या भावावर बोलत राहिली. महेंद्र हातात पेचकस घेऊन पॅसेजमध्ये उभा राहिला.

बाजारपेठेतल्या दुकानदाराने त्याच्यासमोर सहा तऱ्हेच्या कड्या टाकल्या आणि विचारलं, कुठे लावायची? बाथरूमला म्हटल्यावर त्याने सगळ्यात हलकी पुढे सरकवली. महेंद्रने सगळ्यात जाड उचलली, दहा मिलिमीटर दांड्याची. घरी येऊन त्याने मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. चौकट सिमेंटची होती. बिल्डरने लाकडाचा खर्च वाचवलेला. जुन्या भोकाच्या मध्यापासून कडीच्या दांड्याचा मध्य सहा पूर्णांक चार मिलिमीटर खाली येत होता. म्हणजे भोक तेवढं खाली घ्यायचं, इतकी सरळ गोष्ट. मागच्या गल्लीतून त्याने ड्रिल मशिन मागून आणलं, दाराशी बसला, टोक टेकवलं, बटण दाबलं आणि वीज गेली. लोडशेडिंग. वीज तीनला येणार होती. तो छिन्नी-हातोडीने कोरायला लागला. अर्ध्या तासाने दहा पूर्णांक दोनचं भोक तयार झालं. कडी मळ्यातल्या बैलासारखी निमूट आत गेली. त्याला आनंद झाला. मग त्याने दार एकदा पूर्ण उघडून मिटलं, आणि दांडा भोकाच्या खालच्या कडेला टेकला. दार आणखी दोन मिलिमीटर उतरलं होतं. हातोडीच्या हादऱ्याने वरच्या बिजागरीचा आणखी एक स्क्रू सुटला होता. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा कोरलं. भोकांच्या कडेचं सिमेंट भिजलेल्या बिस्किटासारखं गळून पडलं आणि आतली गंजलेली सळई दिसायला लागली. दुपारचा एक वाजून गेला होता. पोटात भूक होती, पण जेवायला बसलं तर भागुबाईसमोर बसावं लागलं असतं.

तीच आली. हात पदराला पुसत तिने चौकटीकडे पाहिलं. "खाली पाचर ठोक की. दार उचललं जाईल."

"पाचर नाही ठोकायची."

"तुझा बाप ठोकायचा."

"म्हणूनच नाही ठोकायची. तू एक काम कर. दार उचलून धर."

तिने दोन्ही हातांनी दाराची कड पकडली आणि दार उचलून धरलं. सत्तरीची बाई, पण दार हललं नाही. गवंड्याच्या हाताखाली तिने उभं आयुष्य घमेली उचलली होती. तो गुडघ्यावर बसून पेचकसाच्या टोकाने पांढरं सिमेंट भरायला लागला. तिची कोपरं त्याच्या कपाळापाशी होती. खोबरेल तेलाचा आणि डाळीच्या फोडणीचा वास येत होता. हा वास त्याला कधीच सहन झाला नव्हता, म्हणजे होस्टेलला गेल्यापासून. त्याआधीचं काही आठवत नाही असं तो स्वतःला सांगायचा. ती वर बोलत होती. आनंदाची थोरली शिवणाच्या क्लासला जाते. म्हस्कूची बायको गेली, तवापासनं त्याचं चित्त कामात न्हाई. सिमेंट जरा दाबून भर. तो हं हं करत होता. कुणाला काय सांगायचं आणि काय नाही याचं तिला काही धोरणच नव्हतं. डोक्यात येईल तसं तोंडातून. आणि त्याच ओघात, त्याच आवाजात ती म्हणाली,

"काल मधीच खोकलास तू."

पेचकसाचं टोक त्याच्या अंगठ्यात घुसलं. "कधी?"

"मधी. दोनदा. म्हनलं, उठला. आता यील. मग कडी सोडली आन् बसले बादलीवर."

"मग?"

"मग काय न्हाई. उठला न्हाईस. पुन्यांदा केली थोडी खुडखुड. म्हनलं दमलंय पोरगं." तिने दार जरा वर घेतलं. "डावीकडचा स्क्रू ढिला हाय बघ."

आपण खोकलो होतो हे त्याला माहीत नव्हतं. घड्याळ पाहिलेलं आठवत होतं, छताच्या पंख्यावरची धूळ आठवत होती, अडकू दे एकदा हे वाक्य आठवत होतं, खोकला तेवढा नोंदला गेला नव्हता. त्याने मान वर करून तिचा चेहरा पाहिला. चेहरे वाचायचं काम तो रोज करायचा. माल पास करून घ्यायला आलेला सुपरवायझर कुठे काय लपवतोय हे त्याला नजरेवरून कळायचं. इथे त्याने राग शोधला, टोमणा शोधला, निदान डोळ्यांच्या कोपऱ्यात एखादी बारीक पारख. काही नव्हतं. दार धरून दमलेली एक म्हातारी होती, एवढंच. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. न्हावऱ्याच्या पाणवठ्यावर या बाईच्या तोंडाला चार वाड्या-वस्त्या भ्यायच्या. त्याला तिने शिवीच्या लायकीचंही ठेवलं नव्हतं. की हे ती मुद्दाम करत होती? अडाणी माणसांचं भोळेपण हा त्याच्या मते नेहमीच अर्धा डाव असतो. आनंद यायच्या आत आपल्याला जागेवर आणून ठेवायचा हा डाव असेल. त्याने डावीकडचा स्क्रू आवळला. तो खरंच ढिला होता.

आनंद सव्वाचारला आला. जिन्यातच त्याचा आवाज ऐकू आला, त्याला जिन्यातूनच बोलायला लागतं. पॅसेजमधला चुरा, सिमेंट, छिन्न्या पाहून तो म्हणाला, "काय दादा, कंपनी घरीच काढली का काय?" मग चौकटीवरची भोकं बघून, "उंदरं लय माजलीत जणू शिरूरात." तो स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. भागुबाईही पदर तोंडाला लावून हसली. महेंद्रने पाहिलं, ती आनंदच्या विनोदांवर ऐकायच्या आधीच हसायला तयार असते. तिची कापडी पिशवी हॉलमध्ये दाराशी भरून ठेवलेली होती. ती कधी भरली? सकाळी? काल रात्री? आनंद खुर्चीत बसला, पाणी प्याला आणि तांब्या खाली ठेवता ठेवता त्याने विचारलं, "दादा, तू तर घरीच व्हतास की काल?"

महेंद्रने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी भागुबाई बोलली. "झोपला व्हता. मेल्यावानी झोपतो तो नाइटच्या टायमाला. त्याला ढोल वाजवला तरी कळत न्हाई."

"तेच म्हनलं मी," आनंद म्हणाला. "आता चल, उजेड हाय तवर न्हावरं पार करू."

"थांब. त्याचं हुंदे."

महेंद्र पुन्हा दाराशी बसला. ती खोटं बोलली होती, सहज, स्वच्छ, क्षणभरही न थांबता. सात वर्षं त्याच्या घरात राहून ती एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि पहिल्यांदा बोलली ती त्याला झाकायला. आता तिच्याकडे त्याचं काहीतरी होतं. वीज आली होती. त्याने सगळ्यात खाली चौथं भोक ड्रिलने पाडलं, पट्टी बसवली, कडी सरकवली. ती गेली. उघडून पुन्हा सरकवली, अडकली. एकूण पाच वेळा तपासली. तीनदा गेली, दोनदा मध्येच रुतली आणि हिसडा दिल्यावर सुटली. पाचात दोन. कंपनीत त्याने अख्खा लॉट परत पाठवला असता, वर लाल शाईत दोन ओळी लिहून. त्याने हात पुसले आणि हॉलमध्ये जाऊन सांगितलं, "झालं."

प्राची तेवढ्यात शाळेतून आली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पाच वाजून दहा. "आई, ये," महेंद्र म्हणाला. "लावून बघ."

"बघते की नंतर."

"नंतर नाही. आता. आनंदला पण बघू दे."

आपला आवाज चढलाय हे त्याला कळत होतं. कडी लावल्याशिवाय जायचं नाही, हाच आवाज. भागुबाईने एकदा आनंदकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे, मग ती उठली. पॅसेजमधून चालताना तिने चुरा चुकवला. आत जाऊन तिने दार लोटलं. नव्या कडीचा आवाज आता महेंद्रच्या कानात बसला होता. आधी किंचित घासण, मग ठोक. तो थांबला. घासण आली नाही. ठोक आली नाही. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, ती नुसती उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली,

"लावली बघ. ब्येस बसली."

दुसरं खोटं. "बघू, ढकलून बघतो," असं म्हणत आनंद पुढे झाला आणि त्याने तळवा दारावर टेकवला. दार आत गेलं असतं. नवी कडी, चार भोकं, अख्खा गुरुवार, सगळ्यांसमोर बोटाच्या धक्क्याने उघडं पडलं असतं. महेंद्रने बाहेरचं हँडल मुठीत पकडून दार स्वतःकडे ओढून धरलं. "सिमेंट ओलं आहे. धक्का नको." आनंदने ढकललं. दार जागचं हललं नाही. "पक्कं बसलंय की," तो कौतुकाने म्हणाला आणि त्याने आणखी जोर लावला. महेंद्रने दुसरा हातही हँडलवर आणला. अंगठ्याच्या जखमेतून पुन्हा रक्त यायला लागलं. आता हिने बाहेर यायला नको, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता, आनंद बाजूला होईपर्यंत तरी नको. त्याच वेळी आतून दाराला हिसका बसला. एक. मग दुसरा, जोरात. त्याने सोडायला हवं होतं. आनंदचा तळवा अजून दारावर होता. आणखी दोन सेकंद, असं त्याने ठरवलं. आत बादली लाथाडली गेल्याचा आवाज झाला, आणि मग शेताच्या या बांधावरून त्या बांधावर घालावी तशी हाक आली. हा आवाज त्याने होस्टेलला गेल्यापासून ऐकला नव्हता.

"आनंदा! आनंदा रं!"

आनंदने दारावरचा हात काढला. तो हँडलकडे पाहत होता, त्याच्यावर आवळलेल्या दोन मुठींकडे.

"दादा," तो म्हणाला, "सोड."